याकोबाने वडिलांना फसवले, तरीही यहुदी परंपरा त्याच्याकडून चारित्र्याचे धडे कसे घेते?

आपण विचारले आहे की, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आंधळ्या वडिलांना फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद मिळवतो, अब्राहाम जिवाच्या भीतीने पत्नीला बहीण म्हणवतो, आणि तरीही यहुदी लोक मुलांना याच माणसांचे दाखले देतात, हे कसे? मी ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबात वाढलो. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणानंतर वडील तोराचा (उत्पत्ती हे ज्यातले पहिले पुस्तक, त्या आमच्या पवित्र ग्रंथाचा) त्या आठवड्याचा भाग आम्हाला मराठीत समजावून सांगत, आणि हाच प्रश्न आम्ही भावंडांनी त्यांना अनेकदा विचारला आहे. त्यांनी तो कधीही उडवून लावला नाही. ‘पुढे काय झाले ते वाच,’ एवढेच ते म्हणत.

अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक आणि नातू याकोब यांना हिब्रूत ‘आवोत’ म्हणजे वडील म्हणतात. त्यांना देवत्व नाही, त्यांची पूजा होत नाही, आणि म्हणून त्यांच्या वागण्यातला शब्द न् शब्द तपासून पाहण्यात अनादर मानला जात नाही. उत्पत्तीच्या 18व्या अध्यायातला पाहुणचार पाहावा. भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामाला तीन अनोळखी माणसे दिसतात. तो धावत त्यांना सामोरा जातो आणि घोटभर पाणी, भाकरीचा तुकडा एवढेच देऊ करतो. मग घाईने आत जाऊन पत्नी साराला तीन मापे सपीठ मळायला सांगतो, स्वतः गुरांकडे धावतो आणि कोवळे वासरू निवडून आणतो. ताल्मूद या प्राचीन यहुदी ग्रंथातल्या गुरूंनी देऊ केलेला तुकडा आणि प्रत्यक्षात वाढलेले जेवण शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटले की, सज्जन बोलतात थोडे आणि करतात पुष्कळ. धडा निघाला तो ‘पाहुणचार करावा’ एवढाच नव्हे. वचन देताना हात आखडता आणि पाळताना सढळ असावा, हाही त्यातलाच.

इसहाकाबद्दल तोरात मजकूर कमी आहे, पण 26व्या अध्यायातल्या विहिरी मला फार मोलाच्या वाटतात. वडिलांनी खणलेल्या, शेजारच्या पलिष्टी लोकांनी मातीने बुजवलेल्या विहिरी तो पुन्हा उपसतो आणि त्यांना वडिलांनी दिलेलीच नावे देतो. नव्या विहिरींवरून दोनदा तंटा होतो, दोन्ही वेळा तो पुढे सरकून तिसरी खणतो, आणि तिच्यावर कोणी भांडत नाही.

आता आपल्या प्रश्नाचे मूळ, म्हणजे याकोब. 27व्या अध्यायात तो केसाळ थोरल्या भावाचे, एसावाचे कपडे घालतो, हातांना आणि मानेला करडांचे कातडे गुंडाळतो, आणि ‘तू कोण?’ या बापाच्या प्रश्नाला ‘मी तुमचा थोरला एसाव’ असे उत्तर देतो. तिथे तोरा त्याला एका शब्दानेही दोष देत नाही, आणि घाईने वाचणाऱ्याची समजूत होते की सगळे खपून गेले. पण 29व्या अध्यायात एसावाच्या रागापासून पळालेला याकोब मामा लाबानाकडे त्याच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलसाठी, सात वर्षे राबतो, आणि लाबान त्याला तिच्याऐवजी थोरली लेआ देतो आणि वर ऐकवतो की, थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. थोरल्याला मागे सारून आलेल्या धाकट्याला हे ऐकावे लागते! मिद्राशात, म्हणजे गुरूंनी तोरावर रचलेल्या जुन्या कथाभाष्यांत, तर याकोब लेआवर फसवणुकीचा आरोप करतो तेव्हा ती उलट विचारते की, शिष्य नसलेला गुरू असतो का. वडिलांनी एसावाला हाक मारली तेव्हा ओ कोणी दिली होती? पुढे 37व्या अध्यायात त्याचेच मुलगे आपल्या भावाचा, याकोबाच्या लाडक्या योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यासमोर ठेवतात: ‘हा तुमच्या मुलाचा आहे का, ओळखून पाहा.’ पुन्हा कपडे, पुन्हा बकरे, पुन्हा फसलेला बाप. आणि आईने थोड्या दिवसांसाठी म्हणून पाठवलेला हा मुलगा वीस वर्षे परतला नाही. त्या मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे तोरात कुठेही नाही.

‘ओळखून पाहा’ हेच शब्द पुढच्याच अध्यायात याकोबाचा मुलगा यहूदा याला ऐकावे लागतात, जेव्हा त्याची विधवा सून तामार आपल्या पोटातल्या बाळाचा बाप तोच आहे हे दाखवायला त्याने गहाण ठेवलेली मुद्रा आणि काठी त्याच्यापुढे ठेवते. तो ‘माझ्यापेक्षा ती नीतिमान आहे’ असे सर्वांदेखत कबूल करतो, आणि योसेफाला विकायला निघालेला हाच यहूदा पुढे धाकटा भाऊ बन्यामिन याच्याऐवजी स्वतः गुलाम राहायला तयार होतो. चारित्र्य घडते कसे, हे मला याहून स्पष्ट कुठे दिसलेले नाही.

याच याकोबाचे अनुकरणही सांगितले आहे. यहुदी धर्मशास्त्रकार मायमोनिदीझने मजुरांच्या नियमांत लिहिले आहे की, कामगाराने अंगात असेल नसेल तेवढ्या बळाने काम करावे, कारण याकोब लाबानाकडे तसाच राबला. दुसरीकडे ताल्मूद बजावतो की, मुलांत दुजाभाव करू नये. योसेफाला इतरांपेक्षा दोन सेला (एक जुने वजन) भरेल एवढी तलम लोकर जास्त मिळाली, भाऊ जळले आणि शेवटी आपले पूर्वज मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊन पडले.

भाष्यकारही गप्प राहिलेले नाहीत. मिसरात बहीण म्हणवून साराला धोक्यात घालणे हे अब्राहामाचे नकळत घडलेले, पण मोठे पाप होते, असे 13व्या शतकातल्या नाहमानिदेसने लिहिले. दुसरा भाष्यकार दाविद किम्ही याने दासी हागारेचा छळ हे साराचे नीतीला सोडून वागणे ठरवले, आणि चांगले गुण घ्यावेत व वाईट टाळावेत म्हणूनच ही हकिगत तोरात लिहिली आहे, असे सांगितले. सर्वांना हे मान्य नाही. पूर्वजांची पातळी आपल्या मापाने मोजू नये, म्हणून त्यांच्या प्रत्येक कृतीला समर्थन शोधावे, असे मानणारेही अनेक आहेत, आणि त्यामागची श्रद्धा मी जाणतो. तरीही माझे मत किम्हीच्या बाजूचे आहे, कारण चूक झाकली तर वीस वर्षांचा वनवास आणि रक्तात बुडवलेला झगा या दोन्हींचा अर्थच लागत नाही.

आमच्या समाजात 1880च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. कीर्तनात आख्यान लावायचे, तर नायकाची घालमेल दाखवावीच लागते, आणि मला वाटते म्हणूनच या कथा आमच्या घरांत इतक्या सहज रुळल्या.

यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रोश हशानाला, सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, उत्पत्तीचा 21वा अध्याय वाचतात. साराच्या सांगण्यावरून, जड मनाने, पण देवाने होकार दिल्यावर अब्राहाम हागारेला आणि तिच्या मुलाला भाकर आणि पाण्याची मसक देऊन रानात धाडतो. पाणी संपते. मुलाचे मरण डोळ्यांनी पाहायला नको म्हणून ती बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसते आणि रडते. देव त्या मुलाचा आवाज ऐकतो. वर्षातल्या अत्यंत पवित्र दिवसांपैकी एका दिवशी, आपल्याच पूर्वजांच्या घरातून बाहेर काढलेल्या त्या आईचे रडणे सगळी मंडळी मोठ्याने वाचलेले ऐकतात.