दगडखाण, देणगी आणि गावाचा हक्क

प्रश्न : माण तालुक्यातील आमच्या गावाच्या माळावर दगडखाण आणि खडी क्रशर चालतो. सुरुंगांमुळे घरांना भेगा पडल्या आहेत आणि डाळिंबाच्या बागांवर धूळ बसते. मालकांनी मंदिराच्या सभामंडपाला देणगी दिली, यात्रेचा खर्चही ते उचलतात. त्यामुळे निम्मे गाव गप्प आहे. विचारले तर ‘सगळ्या परवानग्या आहेत’ एवढेच सांगतात. ग्रामसभेच्या ठरावाने खाण बंद होईल का? काही जण खाणीवरच्या वडार कुटुंबांनाच हाकलून लावा म्हणतात. — एक वाचक, जि. सातारा

उत्तर : केवळ ठरावाने खाण बंद होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. परंतु त्यामागे वनहक्क कायद्याचे बळ होते आणि सातारा जिल्ह्यात अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून घोषित) क्षेत्रही नाही. तरीही ठराव अवश्य करावा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला तो जोडता येतो.

‘परवानग्या आहेत’ हे उत्तर मात्र तसेच सोडू नये. परवानगी अटींसह मिळते आणि खरा प्रश्न त्या अटी पाळल्या जातात की नाही, हा असतो. दगडासारख्या गौण खनिजाच्या पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या मंजुरीची प्रत, खाणपट्ट्याचा आदेश, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आणि मालकाने दर सहा महिन्यांनी द्यावयाचा अटीपालनाचा अहवाल माहिती अधिकारात मागवावा. क्रशरला पत्र्याचे आच्छादन आणि पाण्याचे फवारे आहेत का, डंपरवर ताडपत्री असते का, हे त्या कागदांशी ताडून पाहता येईल.

भेगांचा पुरावा आजपासूनच गोळा करावा. भेगेवर आडवा प्लास्टरचा पातळ पट्टा ओढून त्यावर तारीख लिहावी आणि छायाचित्र काढून ठेवावे. भेग वाढली की पट्टा तडकतो. सुरुंगाची वेळ प्रत्येक घराने वहीत टिपावी. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषांनुसार, मालकाच्या ताब्यात नसलेल्या राहत्या घरांपाशी कंपनाचा वेग, वारंवारिता (सेकंदाला होणारी कंपने) ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास, सेकंदाला ५ मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये. त्यामुळे मोघम तक्रारीऐवजी ‘आमच्या घरापाशी कंपने मोजा’ अशी लेखी मागणी महासंचालनालयाकडे करावी. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. तेथे भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, पण पर्यावरणविषयक इतर वादांसाठी साधारणपणे सहाच महिन्यांची, म्हणून चालढकल परवडणार नाही.

आता देणगीविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीच्या ज्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, त्यांच्या विवेचनात उद्योगाने केलेल्या इतर चांगल्या कामांनी हक्कांचा भंग भरून निघत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. सभामंडप गावाला मिळाला आणि भेग एका घराला पडली, तर त्या घराचे येणे फिटत नाही. (देणगी परत करण्याची भाषाही कोणी करू नये; त्यात गाव आणखी फाटेल.) मालकांशी बोलणी करायची तर यात्रा कमिटीने नव्हे, ज्यांची घरे आणि बागा खाणीलगत आहेत त्यांनी करावीत, आणि ठरलेले लेखी घ्यावे.

वडार कुटुंबांना हाकलण्याची मागणी अन्यायाची आहे, आणि तिने एक सुरुंगही कमी होणार नाही. तुमच्या बागेवर बसणारी धूळ आधी त्यांच्या छातीत जाते. खाणकामगारांच्या सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, आठवड्याची सुटी आणि नोंदवहीत नाव हा त्यांचा हक्क आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांना खाणीवर कामाला लावता येत नाही. लहान उघड्या खाणींना त्या कायद्यातून काही सूट आहे खरी, पण स्फोटके वापरली जात असतील तर ती लागू होत नाही. तुमच्या माळावर सुरुंग उडतात, तेव्हा मालकांना तिचा आधार घेता येणार नाही. महासंचालनालयाकडे अर्ज कराल तेव्हा, त्या कुटुंबांची संमती असेल तर, त्यांच्या मागण्याही त्यातच घाला.