मिसळ ‘पक्का’ कशी?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा इंग्लंडात शिकतो. त्याने घरमालकाला मिसळ करून घातली, तर पहिल्याच घासाला तो म्हणाला, “पक्का!” मुलाला वाटलं, मटकी नीट शिजलीय एवढंच सांगतोय. हा आपलाच शब्द का, आणि तिकडे त्याचा अर्थ काय, असं ताईंना हवंय.

शब्द आपल्याकडचाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो हिंदीतून इंग्रजीत गेला. स्पेलिंगमध्ये ‘यू’ आहे म्हणून ‘पुक्का’ म्हणू नका. बंगला, जंगल, पंडित हे शब्दही ते ‘यू’ घालूनच लिहितात. घरमालकाने दिलेली दाद म्हणजे ‘एक नंबर!’ जेमी ऑलिव्हर हा शेफ १९९९पासून टीव्हीवर प्रत्येक चवदार पदार्थाला ‘पक्का’ म्हणायचा, त्याने हा अर्थ घराघरात नेला. शब्द बोलीतला आहे, अर्जात किंवा प्रबंधात मात्र नको.

पण शिजण्यावरून ‘एक नंबर’पर्यंत अर्थ पोचला कसा? मूळ संस्कृत ‘पक्व’, धातू ‘पच्’. त्यात शिजणं आणि पिकणं दोन्ही आलं. प्राकृतात ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपं झाली, म्हणून आपल्याकडे पक्का आहे तसं पिकणंही आहे. पाक, पक्वान्न, पचन ही सगळी याच घरातली. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. मण्यात पाणी उतरलं, मणी मऊ पडला, म्हणजे माल तयार झाला असं नव्हे. तोडल्यावर द्राक्षाची गोडी वाढत नाही, जी भरायची ती वेलीवरच. हे पुरतेपण ‘पक्का’त आहे. म्हणून पक्की सडक, पक्का रंग, ८० तोळ्यांचा पक्का शेर, आणि पक्का नाशिककर. इंग्रजांनी यातला ‘अस्सल’ हा अर्थ धरला. ‘पक्का साहेब’ तिथला. अस्सल ते उत्तम हे अंतर फार नाही. मराठीत ‘अस्सल चव’ म्हणताना आपणही कौतुकच करत असतो.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. इंग्रजीतला ‘कुक’ लॅटिनमधून आला, आणि ते लॅटिन क्रियापद नि आपला ‘पच्’ एकाच मुळाचे. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं, तेही त्याच कुळातलं. म्हणजे ‘पक्का’ इंग्लंडात पोचला तेव्हा त्याचे चुलतभाऊ तिथल्या स्वयंपाकघरात आधीपासून होते!

आता वापराचं. घरमालकाचं वाक्य मराठीत आणताना ‘मिसळ पक्की होती’ करू नका, ते आपल्या कानाला चालत नाही. झकास म्हणा, फक्कड म्हणा. उलट्या दिशेलाही तेच: ‘रविवारी माझं येणं पक्कं’ हे मुलाने घरमालकाला ‘पक्का’ घालून सांगितलं, तर त्याला कळणार नाही. तिथे ‘डेफिनेट’च म्हणावं.