‘टर्निप टाउनशेंड’ने खरंच इंग्लंडात सलगम आणले का?

नाही, आणले नाहीत. तुम्ही वाचलेली गोष्ट, म्हणजे हॉलंडला राजदूत म्हणून गेलेला चार्ल्स टाउनशेंड हा उमराव येताना सलगम (इंग्रजीत टर्निप) घेऊन आला, मंत्रिपद सोडून शेतीत उतरला आणि इंग्लंडात कृषिक्रांती झाली, ही वर्षानुवर्षं अशीच सांगितली जाते. त्यातलं हॉलंड खरं, मंत्रिपद खरं, शेतीही खरी. पण नॉरफोक या त्याच्या परगण्यातले शेतकरी सतराव्या शतकाच्या मध्यापासूनच जनावरांसाठी सलगम पेरत होते. चार्ल्स टाउनशेंड लहान होता तेव्हा त्याच्या घरच्या जमिनीतही ते पिकत होते.

माणूस मात्र ओळख करून घ्यावी असाच आहे. जन्म १६७४चा, नॉरफोकमधल्या रेनम हॉलचा. १६८७ साली वडील वारले आणि तेराव्या वर्षी जहागीर व व्हायकाउंट ही पदवी त्याच्याकडे आली. १७०९ साली त्याने हॉलंडशी तह केला. फ्रान्सला अडवण्यासाठी डचांना सरहद्दीवरच्या किल्ल्यांची रांग मिळायची, बदल्यात त्यांनी इंग्लंडच्या गादीवर हॅनोव्हर घराण्याचा हक्क राखायला मदत करायची. विरोधी टोरी पक्ष सत्तेवर आल्यावर १७१२ साली संसदेच्या कॉमन्स सभेने याच तहासाठी त्याला राणीचा आणि देशाचा शत्रू ठरवलं. दोन वर्षांत राणी वारली, हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला आणि हा ‘शत्रू’ थेट परराष्ट्र कारभार पाहणारा मंत्री झाला!

त्याच्या राजकारणाची नाडी मात्र घरातच होती. १७१३ साली त्याने दुसरं लग्न केलं ते डॉरथीशी, पुढे इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला गेलेल्या रॉबर्ट वॉल्पोलच्या बहिणीशी. मेहुणे-मेहुणे दोघेही नॉरफोकचे, दोघेही व्हिग पक्षाचे. १७१६ साली टाउनशेंडचं मंत्रिपद गेलं, पुढच्या वर्षी वॉल्पोलही बाहेर पडला. १७२०च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यानंतर दोघे पुन्हा वर आले. पण आता खजिना आणि कॉमन्स सभा वॉल्पोलच्या मुठीत होती. सुरुवातीला थोरला भागीदार टाउनशेंड होता, तो बघता बघता धाकटा झाला. त्यात वॉल्पोलने जवळच हॉटन हॉल हा नवा वाडा उभारला आणि तालुक्यातला मानही तिकडे वळला. १७२६ साली डॉरथी देवीच्या रोगाने गेली, मधला दुवाच तुटला. परराष्ट्र धोरणावरही मतं जुळेनात. ऑस्ट्रियाविरुद्ध आघाड्या बांधायच्या आणि प्रसंगी सैन्याचा खर्च सोसायचा, असा टाउनशेंडचा कल. वॉल्पोलला शांतता हवी होती आणि जमिनीवरचा कर कमी. एकदा दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आणि हात तलवारीकडे गेले, अशी हकिगत सांगतात. मे १७३० मध्ये टाउनशेंडने राजीनामा दिला.

मला त्याचं मोठेपण दिसतं ते यापुढे. त्या काळात सत्ता गेलेला उमराव विरोधकांत जाऊन बसे आणि सूड उगवे. हा रेनमला गेला आणि परतला नाही. महत्त्वाच्या चर्चेसाठी लंडनला बोलावणं आलं, तेव्हा आपला स्वभाव तापट आहे, पुन्हा त्यात पडलो तर तोल जाईल, अशा अर्थाचं सांगून त्याने नकार दिला.

आता शेती. नॉरफोकच्या त्या भागातली जमीन हलकी, वाळूसर. तिच्यात चुनखडीयुक्त चिकणमाती, म्हणजे मार्ल, मिसळायची. मग गहू, सलगम, जव (बार्ली) आणि क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक, अशी चार वर्षांची फेरपालट. यात जमीन पड ठेवावी लागत नाही. सलगमाच्या ओळींत खुरपणी होते म्हणून तण मरतं. हिवाळ्यात मेंढ्या त्याच शेतात कोंडून सलगम खाऊ घालतात, खत जागेवरच पडतं. आपल्याकडे धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, तसंच हे. क्लोव्हर द्विदल, त्यामुळे त्याच्या बेवडावर गहू चांगला येतो. यातली कुठलीही गोष्ट टाउनशेंडने शोधून काढलेली नाही. ती हळूहळू, अनेक शेतकऱ्यांच्या हातून जुळत गेली आणि सगळीकडे पोचायला तो गेल्यानंतरही बराच काळ लागला. त्याने केलं ते एवढंच, की आपल्या जहागिरीत ती नेटाने चालवली आणि राज्याचा कारभार पाहिलेला माणूस सलगमावर तासन्‌तास बोलतो हे लोकांना दिसलं. १७३७ साली कवी अलेक्झांडर पोपने एका कवितेत त्याच्या सलगमांचा उल्लेख केला आणि नाव कायमचं चिकटलं.

श्रेय वाटायचं तर माझ्या मते आधी कुळांना द्यावं. खुरपं त्यांच्या हातात होतं, नाव जमीनदाराचं झालं. शिवाय चारी बाजूंनी बंदिस्त शेत नसेल तर हिवाळी सलगम राखणं अवघड, कारण पीक निघालं की गावची जनावरं सुटायची. म्हणून या फेरपालटीबरोबर कुंपणंही वाढली आणि इंग्लंडात अनेक गावांतल्या गरिबांचं सामाईक कुरण गेलं. कृषिक्रांतीच्या गौरवात ही बाजू वगळली जाते, याचं मला वाईट वाटतं.

टाउनशेंड १७३८ साली रेनमलाच वारला. वाचताना एक काळजी घ्या: १७६७ साली अमेरिकी वसाहतींवर चहा, काच, कागद यांचे कर बसवणारा चार्ल्स टाउनशेंड वेगळा, तो याचा नातू. नाव एकच असल्यामुळे दोघांची बरीच गल्लत होते.