२००३ ची पेट्रोल गाडी लंडनच्या ‘यूलेझ’मध्ये चालते का?

यूलेझ म्हणजे लंडनमधला असा झोन, जिथं प्रदूषणाच्या ठरलेल्या दर्जात न बसणारी गाडी चालवली की त्या दिवसाचं शुल्क भरावं लागतं. तुम्ही विचारलंय ते असं: मुलगा लंडनला क्रॉयडनच्या बाजूला राहतो, त्याला अकराशे पौंडांत २००३ ची पेट्रोल हॅचबॅक मिळतेय, आणि कामावरची माणसं सांगतायत की २००६ च्या आधीची गाडी घेतलीस तर रोज पैसे भरत बसशील. कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून निघणारी घाण स्वच्छ करणारा भाग) नवा टाकून ती नियमात बसवता येईल का? आणि आपल्याकडं असा नियम आला तर घरची २००९ ची गाडी अडकेल का?

गाडी चालू शकते. पण चालेलच असं नुसत्या वर्षावरून मी सांगू शकत नाही, आणि मुलाच्या कामावरची माणसंही नाही. तिच्या कागदावर एक आकडा असतो, तो बघावा लागतो. कॅटकॉन बदलून काही साधणार नाही. घरच्या गाडीचं शेवटी सांगतो.

लंडन मी पाहिलेलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, जोडीला पीयूसीचं मशीन, या धंद्यात बावीस वर्षं गेली. पण माझी भाची तिकडं नर्स आहे, आणि २०२३ मध्ये तिनं मला हाच प्रश्न विचारला होता. रात्री अकराला फोन, “मामा, गाडी विकू का?” हा झोन २०१९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला तेव्हा लंडनच्या मधल्या भागापुरताच होता. २०२१ च्या ऑक्टोबरात तो नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत पसरला, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर लागू होणार होता. म्हणजे तिच्या दारात. वॉर्डात दुसरा विषयच नव्हता. तिची गाडीही २००३ चीच, म्हणून तुमचा प्रश्न वाचून हसू आलं.

मी म्हटलं, रडू नको, आधी गाडीच्या कागदाचा फोटो पाठव.

आपल्या आरसीसारखा तिकडं व्ही५सी नावाचा कागद असतो, लोक त्याला लॉगबुक म्हणतात. त्यात व्ही.१, व्ही.२, व्ही.३ असे बारीक अक्षरातले रकाने आहेत. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा, दुसरा हायड्रोकार्बनचा आणि तिसरा नायट्रोजन ऑक्साइड्सचा, म्हणजे ज्याला सगळे नॉक्स म्हणतात त्याचा. युरो १, २, ३ हे युरोपातले प्रदूषणाचे दर्जे; आकडा जेवढा मोठा तेवढी मर्यादा कडक. पेट्रोल गाडीला या झोनमध्ये युरो ४ दर्जा लागतो, आणि युरो ४ मध्ये नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम आहे. भाचीच्या कागदावर व्ही.३ समोर ०.०३ होतं. तिला म्हटलं, निवांत झोप. सकाळी तिनं ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला, तर शुल्क लागू नाही असं आलं.

खरी गंमत पुढं आहे. तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी केरळची मैत्रीण, तिची गाडी २००५ ची. दोन वर्षांनी नवी, इंजिन मोठं, दिसायला झकास. तिच्या व्ही.३ समोर ०.११. ती युरो ३ निघाली, नियमात बसली नाही. जुनी पास आणि नवी नापास, हे त्या पोरींना काही केल्या पटेना.

ते असं होतं. युरोपात युरो ४ हा दर्जा नव्या मॉडेलना १ जानेवारी २००५ पासून सक्तीचा झाला, आणि नव्यानं नोंदणी होणाऱ्या सगळ्याच गाड्यांना १ जानेवारी २००६ पासून. लोकांच्या तोंडी ‘२००६’ बसलं ते त्यामुळं. पण कंपन्या काही शेवटच्या रात्री इंजिन बदलत नाहीत. ज्यांचं नवं इंजिन आधी तयार झालं त्यांनी ते आधीच युरो ४ म्हणून मंजूर करून घेतलं. २००१ पासूनच्या अशा काही गाड्या रस्त्यावर आहेत. आणि ज्यांचं जुनं इंजिन विकलं जात होतं ते शेवटपर्यंत युरो ३ म्हणून खपवत राहिले. त्यामुळं २००१ ते २००५ या पट्ट्यातल्या पेट्रोल गाड्यांचं काहीच गृहीत धरता येत नाही. एकाच मॉडेलच्या छोट्या इंजिनाचा दर्जा वेगळा, मोठ्या इंजिनाचा वेगळा, असंही असतं. २००१ च्या आधीची असेल तर आशा फार कमी. ४० वर्षं पूर्ण झालेली असेल तर ती ऐतिहासिक वाहन म्हणून सुटते, पण मुलगा काय १९८० ची गाडी घेऊन कामावर जाणार नाही.

तुम्ही म्हणाल, युरो ४ इतका जुना दर्जा पेट्रोलला चालतो, मग डिझेलला युरो ६ का मागतात? कारण तोच आकडा. डिझेल गाडीला युरो ४ मध्ये नॉक्स ०.२५ पर्यंत चालायचं, युरो ५ मध्ये ०.१८, आणि युरो ६ आला तेव्हा कुठं ती ०.०८ वर आली. म्हणजे २००६ च्या पेट्रोल गाडीनं जे गाठलं ते गाठायला डिझेलला २०१५ उजाडलं. जुनी पेट्रोल गाडी आजही तिथं मान ताठ ठेवून फिरते ती या हिशेबावर. स्वस्तात घ्यायची तर पेट्रोलच घ्या, डिझेलच्या नादाला लागू नका.

आता कॅटकॉनचं. हा प्रश्न माझ्याकडं इथंही येतो, वेगळ्या रूपात. एक गिऱ्हाईक होते, २००६ ची गाडी, जिवापाड जपलेली. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आला. बीएस म्हणजे भारत स्टेज, युरोसारखाच आपल्याकडचा दर्जा. त्या काळातल्या बीएस-२, बीएस-३ गाडीला ०.५ टक्क्यांपर्यंत चालतं, आणि बीएस-४ ला मर्यादा ०.३ आहे. ते म्हणाले, “बघा, माझी गाडी बीएस-४ झाली!” त्यांना दिल्लीला मुलीकडं न्यायची होती. मी म्हटलं, साहेब, दहावीच्या पेपरात बारावीएवढं आलं म्हणून बारावीचं सर्टिफिकेट मिळत नाही.

गाडीचा दर्जा ठरतो तो कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी, प्रयोगशाळेत रोलरवर चालवून. तिथं थंड इंजिनापासून सुरुवात होते, आणि बहुतेक घाण त्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच असते, कारण कॅटकॉन अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच करत नाही. माझ्याकडं येणाऱ्याला मी काय सांगतो? आधी कावळा नाक्यापर्यंत एक चक्कर मारून या, गाडी गरम करून आणा. गरम गाडी, उभ्या जागी, नळी सायलेन्सरमध्ये. दोन परीक्षांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि कबूल करायचं तर, लंडनला ज्या नॉक्सचा एवढा घोर आहे ते माझं पेट्रोलचं मशीन मोजतच नाही. ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन सांगतं, जास्तीत जास्त लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण. आमच्याकडं ‘जाळ आणि धूर संगटच’ म्हणायची हौस आहे, पण पेट्रोल गाडीच्या मागं जे खरं विष निघतं त्याला ना जाळ असतो ना धूर.

तेव्हा मुलानं नवा कॅटकॉन टाकला, ओटू सेन्सर बदलला, प्लग बदलले, तरी गाडी चांगली चालेल, तिथल्या एमओटी तपासणीत पास होईल, पेट्रोल कमी पिईल. झोनमधला रस्त्यावरचा कॅमेरा मात्र नंबर प्लेट वाचतो आणि नोंदीत दर्जा बघतो. तो सायलेन्सर हुंगत नाही. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं; नीट ठेवलेली युरो ३ गाडी एखाद्या मिस मारणाऱ्या युरो ४ पेक्षा स्वच्छ असू शकते. पण रोज लाखो गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर दुसरं करणार तरी काय? आपल्या पीयूसीचे कागद कसे निघतात हे मी गेली बावीस वर्षं बघतोय, त्यापेक्षा हे बरं.

नंबर टाकल्यावर ‘शुल्क लागेल’ असं आलं तरी लगेच हात आखडू नका. २००६ च्या आधीच्या गाडीचा दर्जा नोंदीत नसेल तर नुसत्या तारखेवरून ठरवलं जातं. अशा वेळी व्ही.३ चा आकडा ०.०८ किंवा त्याखाली असेल तर व्ही५सीची प्रत पाठवून नोंद दुरुस्त करून घेता येते. रकाना कोरा असेल तर गाडीच्या कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी मागवायचं, त्यावर युरो दर्जा लिहिलेला असतो. हे सगळं गाडी घ्यायच्या आधी. विकणारा ‘होईल हो नंतर’ म्हणाला तर समजायचं.

आणि नियमात न बसणारी घेतली तर? दिवसाला १२.५० पौंड. ख्रिसमसचा दिवस सोडून वर्षभर, चोवीस तास. अकराशेची गाडी म्हणजे ८८ दिवसांत तेवढेच पैसे पुन्हा गेले. हे शुल्क झालं. ते वेळेत भरलं नाही तर दंड १८० पौंडांचा, चौदा दिवसांत भरला तर ९०. दिवस रात्री बारा ते रात्री बारा मोजतात, त्यामुळं रात्रपाळीची माणसं मरतात: संध्याकाळी जाताना एक दिवस, पहाटे येताना दुसरा. त्या केरळच्या मुलीनं आठवडाभर हा हिशेब मांडला आणि गाडी काढून टाकली. नुसती दारात उभी असेल, हलवली नाही, तर मात्र त्या दिवशी काही लागत नाही. आणि मध्य लंडनचा कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी नेण्याचं शुल्क, वेगळा, त्याला युरो ४ म्हणून सूट नाही.

मुलाची बदली झाली तर काय, हेही डोक्यात ठेवा. बर्मिंगहॅमला दर्जा तोच लागतो, नियमात न बसणाऱ्या कारला दिवसाला ८ पौंड, ब्रिस्टलला ९. बाथमध्ये खासगी कारला काहीच नाही. स्कॉटलंडचं प्रकरण कडक आहे: ग्लासगो, एडिंबरा, डंडी, अॅबर्डीन इथं पैसे भरून आत जायची सोयच नाही, थेट ६० पौंड दंड, आणि पुन्हा पुन्हा सापडलात तर तो दुप्पट होत कारसाठी ४८० पर्यंत जातो. उलट जर्मनीत कॅटकॉन असलेली युरो १ पेट्रोल गाडीसुद्धा हिरवं स्टिकर लावून झोनमध्ये फिरते. लंडनमध्ये नापास झालेली गाडी तिकडं पास.

आता घरची २००९ ची. कोल्हापुरात असा झोन नाही, तेव्हा आज काही अडत नाही. पंधरा वर्षं २०२४ मध्येच झाली, म्हणजे फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी केली असेलच. केली नसेल तर आधी ते करा, बाकीच्या गप्पा नंतर.

पण आरसीवर उत्सर्जनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघून ठेवा. कारण आपल्याकडं दर्जा नुसता वर्षावर ठरला नाही, गावावरही ठरला. बीएस-३ मोठ्या शहरांत २००५ मध्ये आला, देशभर २०१० मध्ये. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये दिल्ली आणि तेरा शहरांच्या टप्प्यात आला, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. हो, सोलापूर. कोल्हापूर नाही. आपल्याला बीएस-४ ची सक्ती १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१२ ला एकाच दिवशी एकाच मॉडेलची गाडी घेतलेल्या दोन साडूंपैकी सोलापूरच्याची बीएस-४ आणि कोल्हापूरच्याची बीएस-३ असू शकते. पाहुणे म्हणून ते आले की चादर आणि चटणीवरून बोलायचं ते बोलतोच, पण इथं त्यांनी मारली बाजी. तुमची २००९ ची गाडी, इथंच पासिंग झालेली, बहुधा बीएस-२ किंवा बीएस-३ निघेल. दिल्लीत हवा बिघडली आणि तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागले की बीएस-३ पेट्रोल गाड्या तिथं बंद करतात, आणि पंधरा वर्षांवरच्या अशा पेट्रोल गाड्यांवर बंदीचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहेच. पुण्या-मुंबईला जा-ये करायला तुम्हाला पीयूसी चालू असली की पुरे. गगनबावड्याच्या घाटात ती गरम होते का, ही माझ्या मते जास्त काळजीची गोष्ट.

मुलाला सांगा, विकणाऱ्याकडून व्ही५सीच्या त्या पानाचा फोटो मागव. नाव-पत्ता झाकून दिला तरी चालेल, मला फक्त व्ही.३ समोरचा आकडा हवाय. इथं खाली लिहा, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघतो.