नोट्स नाहीत, नुसते उद्योग! मुलगी इकॉनॉमिक्स शिकतेय की टाईमपास करतेय?

ताई नमस्कार, पत्र वाचलं. लेक इकॉनॉमिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, मॅडम नोट्स देत नाहीत, उलट "थिएटरात स्टुडंट्सना तिकिटावर सूट असते, मग पॉपकॉर्नवर का नसते" असले प्रश्न देऊन बाहेर पिटाळतात, आणि पेपरात ही काय लिहिणार म्हणून तुम्ही क्लास लावायच्या विचारात आहात. स्पष्टच सांगते, क्लासची घाई नको.

आधी तो प्रश्नच बघा ना. तिकीट दारावर आयडी बघून तपासता येतं, ज्याच्या नावावर सूट तोच आत जातो. पॉपकॉर्नवर सूट ठेवली की ग्रुपमधला एकच स्टुडंट काउंटरवर जाऊन सगळ्यांचं घेऊन येणार, मग पूर्ण पैसे देईल कोण? एकाच गोष्टीचे वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळे पैसे घ्यायचे, पुस्तकात याला प्राइस डिस्क्रिमिनेशन म्हणतात आणि सवलतीत घेतलेला माल दुसऱ्याला देता येऊ नये ही त्याची अट असते, पोरं ती घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. हिने ती स्वतः शोधली असेल तर पेपरात प्रश्न कसाही फिरवून आला तरी अडणार नाही.

आणि हे मॅडमचं खूळ नाहीये बरं का. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन नावाचे प्रोफेसर वर्गातल्या मुलांना कार्डं वाटून, कुणाला विकणारा कुणाला घेणारा करून घासाघीस करायला लावायचे, त्यावरचा त्यांचा पेपर 1948 चा आहे. त्या खेळात भाव थिअरीप्रमाणे, म्हणजे मागणी आणि पुरवठा सारखे होतात त्या भावाशी, जुळायचे नाहीत. त्यात व्हर्नन स्मिथ हा त्यांचा विद्यार्थी होता, त्याने पुढे स्वतःच्या वर्गात नियम बदलले, बोली सगळ्यांसमोर लावायची आणि तोच खेळ परत परत खेळायचा, तर भाव बऱ्यापैकी जुळायला लागले. या असल्या प्रयोगांच्या कामासाठी स्मिथना 2002 मध्ये इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्यासोबत.

पण एक खोट आहे. अशा असाइनमेंटमध्ये मुलं बरेचदा गप्पा लिहून आणतात, "लोक घाईत असतात म्हणून महाग घेतात" वगैरे, ते इकॉनॉमिक्स नव्हे. तिला एवढंच विचारा, तुझं उत्तर चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल? हे सांगता आलं नाही तर परत जाऊन बघायला हवं. आणि जुने पेपर काढून टर्म आणि आकृत्या तिच्याकडून लिहून घ्या, मार्क तिथेच असतात.

खरी काळजी तुम्ही पत्रात विचारलेलीच नाही, गणिताची! पुढे मास्टर्स, रिसर्च, डेटाचं काम यातलं काहीही करायचं तर कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स लागतंच, नुसत्या निरीक्षणावर अ‍ॅडमिशन मिळत नाही. तिने गणित सोडलं असेल तर क्लासचे पैसे तिकडे घाला, आणि ते याच वर्षी, शेवटच्या वर्षाला फार दमछाक होते.