दुसरीतील काही मुले अजून अडखळत वाचतात. शाळेने त्यांना कशी मदत करावी?

तुमच्या वर्गातील पाच-सहा मुले बाराखडी घडाघडा म्हणतात, तरीही समोर ठेवलेला साधा परिच्छेद त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी शाळेने वेगळे काही करावे की ती हळूहळू आपोआप वाचू लागतील म्हणून वाट पाहावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी अनेक वर्षे पहिली-दुसरीला शिकवत आले आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: वाट पाहू नका. कॉनी जुएल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेले मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८ इतकी आढळली होती. तो अभ्यास ५४ मुलांचा आणि इंग्रजी वाचनाचा होता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करता येणार नाही. पण सुरुवातीचे अंतर आपोआप भरून निघत नाही, हे मीही वर्गात पाहिले आहे.

सर्वांत आधी त्या प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून पाच मिनिटे मोठ्याने वाचायला सांगा, मध्ये न सुधारता ऐका आणि ते कुठे अडते ते लिहून ठेवा. एखाद्या मुलाला ‘मो’ हे अक्षर दाखवले की ते बोट ठेवून ‘म, मा, मि, मी’ असे पुटपुटत ‘मो’पर्यंत पोहोचते, त्याला मात्रा ओळखता येत नाही, फक्त क्रम पाठ आहे. दुसरे मूल ‘पि’, ‘श’, ‘वी’ ही तिन्ही अक्षरे बरोबर वाचते, पण ती जोडून शब्द उच्चारू शकत नाही. तिसरे मूल चित्राकडे पाहून त्याच शब्दाच्या जागी ‘थैली’ म्हणते. अर्थ जुळल्यामुळे अनेकदा आपल्याही लक्षात येत नाही की त्याने अक्षरांकडे पाहिलेच नाही. चौथे मूल सगळे सफाईने वाचते, पण गोष्टीत काय घडले ते सांगू शकत नाही. प्रगतिपुस्तकात या चौघांपुढे ‘वाचनात कच्चा’ असाच शेरा पडतो आणि चौघांनाही ‘रोज जास्त वाच’ असा एकच सल्ला मिळतो. तो त्यांच्यापैकी कोणाच्याही उपयोगाचा नाही.

पहिल्या मुलासाठी बाराखडीचा क्रम मोडावा लागतो. एकच मात्रा निरनिराळ्या अक्षरांना लावून, पत्ते उलटसुलट करून दाखवावेत, आणि म, क, ल व काना एवढ्याच सामग्रीतून काम, माल, लाल, कमाल असे शब्द लगेच वाचायला द्यावेत, म्हणजे अक्षर शिकणे आणि शब्द वाचणे यांत अंतर पडत नाही. दुसऱ्यासाठी काही दिवस पुस्तक बाजूला ठेवून तोंडी खेळ घ्यावेत: आपण सुटे ध्वनी म्हणायचे, त्याने शब्द सांगायचा. तिसऱ्याच्या बाबतीत चित्र झाकून ठेवणे आणि बोट शब्दाखाली फिरवायला लावणे एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. आपल्या लिपीतील काही गोष्टींना मुद्दाम जास्त वेळ द्यावा लागतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ‘र’ तर प्र, ट्र, र्य आणि ऱ्य अशा चार रूपांत येतो. जोडाक्षरे घाईने उरकली जातात आणि दुसरीतील बरीचशी अडखळ तिथूनच सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

हे सगळे एकट्या वर्गशिक्षकाने तीस-चाळीस मुलांसमोर करणे अशक्य आहे, आणि म्हणूनच मी याला शाळेची जबाबदारी मानते. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात रोज वीस-पंचवीस मिनिटे निश्चित करून द्यावीत. त्या वेळेत एक शिक्षक तीन ते पाच मुलांचा गट घेईल आणि उरलेला वर्ग जोडीने वाचन करील. गट वर्षभरासाठी ठरवून टाकू नयेत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ऐकावे आणि ज्याची अडचण सुटली त्याला गटातून मोकळे करावे. ही वेळ खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून कधीही कापू नये, कारण ज्या मुलाला वाचन आधीच नकोसे झाले आहे त्याला ते शिक्षेसारखे वाटू लागते. सगळ्या वर्गासमोर उभे करून वाचायला लावणेही या मुलांच्या बाबतीत मी पूर्णपणे बंद केले आहे.

ओघवत्या वाचनासाठी नवनवीन धड्यांपेक्षा तोच लहान उतारा पुन्हा वाचणे अधिक उपयोगी पडते. आधी शिक्षकाने वाचावा, मग सोबत, मग मुलाने एकट्याने. तीन-चार वाचनांनंतर मुलाचा आवाज मोकळा होतो, विरामचिन्हांपाशी ते आपोआप थांबू लागते. अर्थाची बाजू मात्र वेगळी आहे. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरांवरून शब्द वाचण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार असे मांडले. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच. म्हणून सफाईने वाचणाऱ्या त्या चौथ्या मुलाला, आणि खरे तर सगळ्या वर्गालाच, शिक्षकाने रोज काहीतरी वाचून दाखवावे, आणि ते मुलांना स्वतः वाचता येईल त्यापेक्षा थोडे अवघड असावे. मध्येच थांबून ‘तो असे का वागला असेल?’ असे विचारावे आणि नवा शब्द आला की तो मुलांकडून दोन-तीन वाक्यांत वापरून घ्यावा.

पालकांकडून दहा मिनिटे शेजारी बसून ऐकण्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. चूक झाली की रागावू नये, एवढे मात्र त्यांना आवर्जून सांगा. गट सुरू करण्यापूर्वी मुलांचे डोळे आणि कान तपासून घ्या. दोन-तीन महिने नियमित मदत मिळूनही एखादे मूल जागचे हलत नसेल, तर त्याला आळशी न ठरवता वाचन-अक्षमतेच्या तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत त्याचा रोजचा गट थांबवू नका.