एका स्टारसाठी महिने घालवले, आता प्लेसमेंटचं काय?

तुझं पत्र वाचून खरंच बरं वाटलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, हा मुलगा बेळगावचा, अनगोळला घर, व्हीटीयूच्या (इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या सहाव्या सेमला, दहावीपर्यंत मराठी मीडियम. गेले काही महिने क्लँग-फॉरमॅट या टूलमधला, म्हणजे सी प्लस प्लससारखा कोड नीट मांडून देणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅममधला, एक बग काढत बसलाय, स्टारच्या (*) चिन्हाशेजारची स्पेस चुकीच्या बाजूला पडते तो. पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, टाकलाय, ती तपासणारा रिव्ह्यूअर अजून टेस्ट मागतोय, आणि उद्यमबागच्या मशीन शॉपमध्ये असलेले बाबा म्हणतात, 'फुकटचं काम कशाला करुलालास, ॲप्टिट्यूड कर.' तर हे सोडू का, असं विचारतोय.

नको सोडू. हा एक पॅच मूळ कोडमध्ये मर्ज होईपर्यंत तरी अजिबात नको.

एक स्पेस इकडची तिकडं करण्यात काय मोठं, असं बाबांना वाटतंय आणि पत्रावरून तुलाही थोडं वाटायला लागलंय. पण बघ, सी प्लस प्लसमध्ये 'ए * बी;' एवढंच लिहिलं तर ए हे टाइपचं नाव असेल तेव्हा तो बी नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) होतो आणि ए साधं व्हेरिएबल असेल तर तोच गुणाकार होतो. कंपायलरला हे कळतं कारण टाइपची नावं ज्यात दिलेली असतात त्या हेडर फाइली त्याने वाचलेल्या असतात. फॉरमॅटर हेडर उघडतच नाही, समोर आहे तेवढं बघतो, म्हणून तर तो झटकन चालतो आणि अर्धवट कोडवरही चालतो, पण मग त्याला आजूबाजूच्या टोकनवरून, म्हणजे शब्द-चिन्हांवरून, अंदाज बांधावा लागतो. बरोबरच्या (=) चिन्हाच्या उजवीकडे स्टार आला तर बहुतेक गुणाकार, तिथं पॉइंटर कोण डिक्लेअर करणार. नुसती 'ए * बी;' अशी ओळ असेल तर बहुतेक डिक्लेरेशन, कारण गुणाकार करून उत्तर टाकून कोण देतं. असे कितीतरी अंदाज क्लँग-फॉरमॅटच्या टोकनॲनोटेटर नावाच्या फाइलमध्ये साठलेत आणि तू त्यातल्याच एकाला हात घातलायस, मॅक्रोच्या कंसात टाइप दिला की स्टारला गुणाकार समजतो तो. पाचव्या सेमला ग्रामर ॲम्बिग्युअस आहे, म्हणजे एकाच ओळीचे दोन अर्थ लागतात, हे दाखवा म्हणून जे पेपरात लिहिलंस ना, ते इथं खऱ्या लोकांच्या कोडमध्ये येऊन उभं राहिलंय.

आणि टेस्ट मागतात म्हणून वैतागू नकोस, खरं काम तिथंच आहे. तुझी केस सुधारली हे एका टेस्टने दिसेल, पण जिथं स्टार गुणाकारच राहायला हवा तिथं तो राहिलाय का? त्याच्याही टेस्ट घाल. बाबांना हे असं सांग, की नवीन जॉबसाठी सेटिंग बदललं तर जुना जॉब अजून गेजमध्ये बसतो का ते बघायलाच लागतं, त्यांना माझ्यापेक्षा लवकर पटेल. लॅपटॉप अडकतो म्हणालास, तर अख्खं एलएलव्हीएम (क्लँग-फॉरमॅट ज्याचा भाग आहे तो मोठा कंपायलर प्रोजेक्ट) बिल्ड करू नकोस, निन्जा या बिल्ड टूलला फक्त फॉरमॅटटेस्ट्स हे टार्गेट दे.

आता बाबांची काळजी, ती चुकीची नाही. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पहिल्या राउंडला ॲप्टिट्यूडच असतं, तिथं तुझा पॅच कोणी विचारणार नाही, त्यामुळे रोज सकाळचा एक तास त्याला द्यायचाच, यात सूट नाही. पण टेक्निकल इंटरव्ह्यूला 'प्रोजेक्ट सांगा' म्हटल्यावर सगळे तेच ते मॅनेजमेंट सिस्टीम सांगत असताना तू हा स्टार सांगशील, अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घेतला आणि दुसऱ्याचं बिघडलं नाही हे कसं दाखवलं ते. रेझ्युमेवर नुसतं 'ओपन सोर्स काँट्रिब्युटर' लिहू नकोस, लिंक दे. पुढं याच वाटेने जायचं असेल तर इंटेल, एएमडी, क्वालकॉम, एनव्हिडिया या सगळ्यांचे कंपायलर एलएलव्हीएमवर उभे आहेत आणि बंगळूर-हैदराबादला त्यांची ऑफिसं आहेत. गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स शिकणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात एलएलव्हीएम बऱ्याच वर्षांपासून असतं, तिथं स्टायपेंडही मिळतो, हे बाबांना आवर्जून सांग. गेटच्या सिलॅबसमध्येही कंपायलर डिझाइन आहेच.

इंग्लिशची भीती लिहिलीयस. रिव्ह्यूला निबंध लागत नाही रे, इनपुट काय, आत्ता काय येतं, काय यायला हवं, तीन ओळी पुरतात. टेस्ट टाकल्यावर आठवडाभर कोणी बोललं नाही तर त्याच पॅचखाली 'पिंग' लिही, तिथली रीतच आहे ती, कोणी रागवत नाही.